प्लास्टिकच्या तेलाविषयी नगराध्यक्षांना खुले पत्र

महाराष्ट्रातील सर्व नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या सन्माननीय नगराध्यक्षांना,



तुमच्या दालनात लवकरच एक गृहस्थ येतील. कदाचित येऊनही गेले असतील. इस्त्रीचा शर्ट, लॅपटॉप आणि बॅगेत काचेची एक बाटली. बाटलीत तांबूस, पातळ तेल. ती बाटली टेबलावर ठेवून ते म्हणतील, "साहेब, हे कचरा डेपोतल्या प्लास्टिकचं डिझेल." मग कापसाची वात त्यात बुडवून पेटवतील. ज्योत छान लागेल, नगरसेवक खुर्च्या पुढे ओढतील, कुणीतरी मोबाईलवर चित्रण करील. रोज इतके टन प्लास्टिक, इतके लिटर इंधन, घंटागाड्या फुकट, तीन वर्षांत भांडवल वसूल, असा हिशेब पडद्यावर झळकेल. ठरावाचा मसुदासुद्धा तेच टाइप करून आणतील.

त्यांना हाकलून द्या, असं सांगायला हे पत्र लिहीत नाही. मी रासायनिक अभियंता. माझी नोकरी बॉयलर, भट्ट्या आणि तेलाच्या टाक्या यांच्यात गेली आणि निवृत्तीनंतर काही छोट्या शहरांच्या कचऱ्यात डोकं घातलं. त्या अनुभवावरून एवढं नक्की सांगतो की बाटलीतलं तेल खरं असतं. अडचण बाटलीच्या आधी आणि बाटलीच्या नंतर आहे, आणि त्या दोन्ही जागा लॅपटॉपवर दिसत नाहीत.

आधी जे खरं आहे ते. कॅरीबॅग, दुधाची पिशवी, बादली, डबे हे सगळं मुख्यतः पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन. दोन्ही म्हणजे कार्बन आणि हायड्रोजनच्या लांबच लांब साखळ्या आणि दोन्हींचं मूळ खनिज तेलात, नैसर्गिक वायूत. बंद भांड्यात, हवा आत येऊ न देता, साधारण ३५० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवलं की या साखळ्या तुटतात. बारीक तुकड्यांचा वायू होतो, मधले तुकडे थंड केल्यावर तेल होतात, त्याहून मोठे मेण. तळाला काळी भुकटी उरते. हवाच नसल्यामुळे प्लास्टिक जळत नाही, नुसतं तुटतं. निघालेला वायू त्याच भट्टीखाली जाळून उष्णतेचा बराच खर्च भागवता येतो. याला पायरोलिसिस म्हणतात. रिफायनरीत जड तेल फोडून हलकं करतात, त्याच घराण्यातली ही क्रिया. यात जादू नाही आणि फसवणूकही नाही.

आपल्या राज्याचा तर यात जुना वाटा आहे. नागपूरच्या प्रा. अलका झाडगावकर यांनी दोन दशकांपूर्वी उत्प्रेरक वापरून टाकाऊ प्लास्टिकचं इंधन करून दाखवलं, बुटीबोरीला प्रकल्प उभा राहिला, देशभर बातम्या झाल्या. पुण्याच्या मेधा ताडपत्रीकर आणि शिरीष फडतरे यांच्या 'रुद्र' संस्थेनं जेजुरीजवळ भट्टी चालवली आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पुण्यातल्या घराघरांतून कोरडं, धुतलेलं प्लास्टिक गोळा करण्याची सवय लावली. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेत 'गेल'च्या मदतीनं रोज एक टन प्लास्टिक घेणारा प्रकल्प ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झाला. एका टनातून सुमारे ८०० लिटर डिझेल असं तेव्हा सांगितलं गेलं. प्लास्टिक निवडक आणि स्वच्छ असेल तर हा आकडा अशक्य नाही.

'निवडक आणि स्वच्छ' या दोन अटींवर सगळा खेळ आहे. त्यांच्याकडे येतोच, पण आधी बाटलीनंतरची गोष्ट सांगतो, कारण घंटागाड्या फुकट चालवण्याचं आश्वासन तिथंच अडकतं.

भट्टीतून निघालेलं कच्चं तेल म्हणजे डिझेल नव्हे. त्यात पेट्रोलसारखे हलके अंश असतात, डिझेलसारखे मधले असतात आणि मेणही असतं. हलक्या अंशांमुळे ते लवकर पेट घेतं. डिझेलसाठी भारतीय मानक आहे आणि त्यात पेट घेण्याच्या तापमानाला ३५ अंशांची किमान मर्यादा आहे. साखळ्या तुटताना जे अर्धवट जोड राहतात ते साठवणीत हवेशी संयोग पावतात आणि तेलात चिकट गाळ धरतो. हा गाळ आजच्या इंजिनाच्या इंजेक्टरला खपत नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन आलं. त्यात गंधक किलोमागे १० मिलिग्रॅमच्या आत असावं लागतं आणि त्या इंधनासाठीच नव्या घंटागाड्यांची इंजिनं बनली आहेत. मानकात न बसणारा द्रव वाहनात भरण्यासाठी विकणं हा केंद्र सरकारच्या २००५ च्या आदेशानुसार गैरप्रकार ठरतो. कच्च्या तेलाचं ऊर्ध्वपातन करून, त्यावर हायड्रोजनची प्रक्रिया करून ते मानकात बसवता येतं, पण त्याला रिफायनरीची यंत्रणा लागते. नगरपरिषदेच्या शेडमध्ये ती मावत नाही.

मग ते तेल कशाला चालतं? भट्टीला, बॉयलरला, फर्नेस ऑइलच्या जागी. इथंही माझा अनुभव सांगतो. मी काम करत होतो त्या कारखान्यात असं तेल पिंपांतून चाचणीला आलं होतं. दुपारी उत्तम जळलं. उष्मांक चांगला, धूर कमी, सगळे खूश. डिसेंबरातल्या सकाळी पाळी सुरू करायला गेलो तर पिंपातलं तेल थिजलेल्या तुपासारखं. पंप ओढेना, गाळणी गच्च, बर्नरच्या तोंडाशी मेणाचा थर. बॉयलर अटेंडंटनं पिंपाभोवती वाफेची नळी गुंडाळली आणि अर्धी पाळी त्यातच गेली. तेल वाईट नव्हतं. पण ते वापरणाऱ्याला गरम टाकी, दोन गाळण्या आणि सवय लागते, आणि एवढं सगळं करून तो तुम्हाला डिझेलचा भाव कधीच देणार नाही. प्रकल्पाच्या अहवालात विक्रीदर डिझेलच्या जवळपास लिहिलेला दिसला तर पुढचं पान वाचण्याआधी लेखी मागणी करणाऱ्या गिऱ्हाइकाचं नाव विचारा.

आता बाटलीच्या आधीची गोष्ट. हे पत्र मुळात त्यासाठीच आहे.

तुमच्या डेपोवर सकाळी नऊच्या सुमारास एकदा जा. फोटोग्राफरला नेऊ नका. गाडी रिकामी होते तेव्हा प्लास्टिक वेगळं दिसतच नाही, एक ओला गोळा दिसतो. गाठ मारलेली काळी पिशवी, तिच्यात भाजीची देठं, डायपर, दाढीचं ब्लेड. निवडणारी बाई गाठ सोडत नाही, नखानं फाडते. पाण्याची बाटली एका बाजूला, झाकण दुसऱ्या बाजूला, कारण दोन्हींची जात वेगळी आणि भावही वेगळा. दुधाची पिशवी झटकून गोणीत, तिला भंगारवाला पैसे देतो. जाड डबे, तुटकी खुर्ची, तेलाचा कॅन हे तर डेपोपर्यंत पोचतच नाहीत, रस्त्यातच उचलले जातात. शेवटी तिच्या पायाशी जे उरतं ते बघा. मातीत भिजलेल्या पातळ कॅरीबॅग, वेफर्सची चकचकीत पाकिटं, शाम्पूच्या पुड्या, आणि २०१२ पासून राज्यात गुटखाबंदी असूनही गुटख्याच्या पुड्या. याला कुणी पैसा देत नाही. ती तो ढीग पायानं बाजूला सारते, आणि तिचं काही चुकत नाही. ज्याला भाव नाही ते उचलण्यात तिची मजुरी बुडते.

तुमच्या भट्टीला मिळणार आहे तो नेमका हाच ढीग. चांगलं प्लास्टिक भंगारवाला नेतो आणि त्यानं ते न्यावंच. वितळवून पुन्हा दाणे करणं हे तेल काढण्यापेक्षा केव्हाही बरं, कारण पदार्थ पदार्थच राहतो. काही विक्रेते रोजचा पुरवठा पुरा करण्यासाठी डबे आणि दुधाच्या पिशव्याही भट्टीत घालायला सांगतात. हे मान्य केलंत तर निवडणाऱ्या बायकांच्या पोटावर पाय येईल आणि भट्टी मात्र कागदावर यशस्वी दिसेल.

त्या उरलेल्या ढिगात काय काय असतं यावर भट्टीचं आयुष्य अवलंबून आहे. पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्या पीईटीच्या असतात, त्यात वजनाच्या जवळपास एक तृतीयांश प्राणवायूच असतो. तापवल्यावर तेल फारसं निघत नाही, आम्लाचे पांढरे कण मात्र उडतात आणि थंड करणाऱ्या नळ्यांत जाऊन बसतात. चकचकीत पाकिटांत प्लास्टिकच्या थरांमध्ये ॲल्युमिनियमचा पापुद्रा किंवा मुलामा असतो. त्याचं तेल होत नाही, तो काळ्या भुकटीत उरतो. ओलावा तर सगळ्यात महाग. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे ५४० किलोकॅलरी जातात आणि ते इंधन तुमच्याच तेलातून वजा होतं. पण यंत्राचा खरा शत्रू पीव्हीसी. त्यात वजनाच्या निम्म्याहून अधिक क्लोरिन. तापलं की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते. ती भट्टीचं पोलाद खाते, तेलात क्लोरिन सोडते आणि पुढं बर्नरलाही सोडत नाही.

शहरात पीव्हीसी कुठून येतं? थोडं पाइपांच्या तुकड्यांतून, थोडं चपलांतून, थोडं वायरींच्या आवरणांतून. आणि बरंच येतं फ्लेक्समधून. वाढदिवसाच्या शुभेच्छा, निवडीबद्दल अभिनंदन, भावी आमदार, दुःखद निधन. फ्लेक्सचं कापड म्हणजे पॉलिस्टरच्या जाळीवर पीव्हीसीचा थर. तेव्हा प्लास्टिकपासून तेल काढणाऱ्या प्रकल्पाच्या लोकार्पणाचे चौकाचौकांत लागलेले फ्लेक्स चार दिवसांनी त्याच भट्टीत गेले, तर भट्टीचा पहिला आजार त्यांच्यापासूनच सुरू होईल. तुम्ही यावर हसाल. मीही हसतो, पण ज्या छोट्या भट्टीच्या थंड करणाऱ्या नळ्या वर्षभरात गंजून गेलेल्या मी पाहिल्या, तिच्या शेडच्या कोपऱ्यात फ्लेक्सच्या घड्या छतापर्यंत रचलेल्या होत्या.

आता हिशेब. हा ढोबळ आहे, आकडे तुम्ही तुमचे घाला. समजा पन्नास हजार वस्तीचं गाव. माणशी रोज ३०० ग्रॅम कचरा धरला तर १५ टन. त्यात प्लास्टिक सात टक्के धरू, म्हणजे टनभर. त्यातलं निम्मं भंगारात गेलं, उरलं ५०० किलो. ते मातीचं, ओलं. झटकून, वाळवून, पीव्हीसी आणि बाटल्या काढून ३०० किलो हाती लागलं तर उत्तम निवड झाली म्हणायची. असल्या मालातून वजनाच्या निम्मं तेल धरा, फार तर थोडं जास्त. म्हणजे दीडशे-पावणेदोनशे किलो, दोनशेएक लिटर. भट्टीला चालणाऱ्या तेलाचा भाव लिटरला ५० रुपये धरला तर दिवसाला दहा हजार. त्यातून निवडणाऱ्या दहा बायकांची मजुरी, भट्टीवरचे ऑपरेटर, वीज, वाहतूक, देखभाल, कर्जाचा हप्ता. पावसाळ्याचे चार महिने माल वाळत नाही ते वेगळंच. दहा हजारांत हे बसत नाही. पाचशे किलोची भट्टी घेतली तर ती निम्मा वेळ उपाशी राहील, आणि उपाशी भट्टी पुन्हापुन्हा तापवण्यात तेल जळतं ते पुन्हा वेगळं.

म्हणून 'कचऱ्यातून उत्पन्न' हा शब्द ठरावातून काढून टाका. ही विल्हेवाट आहे आणि विल्हेवाटीला पैसे लागतात. गटार साफ करण्यातून उत्पन्न मिळावं अशी अपेक्षा कुठलीही सभा करत नाही. मग हीच अपेक्षा प्लास्टिककडून का?

धोक्याबद्दल थोडक्यात सांगतो, पण हा भाग वगळू नका. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यातल्या लोकांना टायर वितळवून तेल काढणाऱ्या कारखान्यांबद्दल विचारा. माल वेगळा असला तरी क्रिया तीच, आणि पुष्कळदा भट्टीही तसलीच. राष्ट्रीय हरित लवादासमोर २०१९ मध्ये आलेल्या माहितीनुसार १९ राज्यांतल्या ६३७ टायर पायरोलिसिस कारखान्यांपैकी २७० नियम पाळत नव्हते. एक घाणा निघाल्यावर भट्टी थंड व्हायला वेळ लागतो. तो वाचवण्यासाठी दार लवकर उघडलं की तापलेल्या भुकटीला हवा लागते आणि भडका उडतो. मेणानं नळी तुंबली की आत दाब चढतो. नायट्रोजन सोडून आतली हवा हाकलण्याची सोय, दाब वाढला तर आपोआप उघडणारी झडप, उरलेला वायू जाळून टाकणारी चिमणी, यातलं काहीही 'नंतर बसवू' या यादीत जाता कामा नये. भुकटीचीही तपासणी लागते, कारण रंगांतले आणि पुड्यांतले धातू तिच्यातच गोळा होतात. ती शेडमागच्या खड्ड्यात टाकणं म्हणजे डेपोचं विष आटवून जवळ आणणं. आणि परवानगीचा प्रश्न आला की 'एमपीसीबीचं (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं) बघून घेऊ' असं म्हणणाऱ्या ठेकेदाराला तिथंच थांबवा.

तेलाच्या विषारीपणाचा प्रश्न तर श्रीमंत देशांनाही सुटलेला नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं २०२२ मध्ये मिसिसिपीतल्या एका रिफायनरीत टाकाऊ प्लास्टिकपासून करायच्या काही इंधनांना परवानगी दिली. पुढं संस्थेच्याच कागदांतून कर्करोगाच्या धोक्याचे आकडे बाहेर आले, लोक कोर्टात गेले आणि २०२४ मध्ये संस्थेला माघार घ्यावी लागली. इंडियाना राज्यातल्या ॲशली गावी वर्षाला एक लाख टन प्लास्टिक घेण्याच्या घोषणेनं उभा राहिलेला कारखाना चालवणाऱ्या कंपनीनं मार्च २०२५ मध्ये त्या कारखान्यासाठी दिवाळखोरीचा अर्ज केला. तिथं भांडवल होतं, अभियंते होते, प्रयोगशाळा होती. नगरपरिषदेकडं एक आरोग्य निरीक्षक आणि दोन मुकादम आहेत.

इतकं वाचून तुम्ही विचाराल, मग त्या उरलेल्या ढिगाचं करायचं काय? हा प्रश्न रास्त आहे. तो ढीग तसाच राहिला तर उन्हाळ्यात पेटतो. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईचा देवनार कचरा डेपो पेटला तेव्हा धुराचा पट्टा उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला होता. तुमच्या डेपोची आग कुठल्या उपग्रहाला दिसत नसेल, पण आसपासच्या वस्तीला ती रोज दिसते. उघड्यावर जळणाऱ्या ढिगापेक्षा नीट चाललेली बंद भट्टी केव्हाही चांगली, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझं भांडण यंत्राशी नाही, यंत्र आधी घेण्याशी आहे.

वेंगुर्ल्याचं उदाहरण तुम्ही ऐकलं असेल. रामदास कोकरे तिथं मुख्याधिकारी असताना त्या छोट्या नगरपरिषदेनं डेपोच मोडीत काढला. घरातूनच कचरा वेगळा, शेडमध्ये आणखी बारीक निवड, प्लास्टिकचा चुरा डांबरी रस्त्यात. डेपोच्या जागेला लोक तिकीट काढून बघायला येऊ लागले. तिथं सगळ्यात आधी आली ती शिस्त, यंत्रं मागून आली आणि तीही साधी: चुरा करणारं, गठ्ठे बांधणारं. बारीक निवड होऊ लागली की आपोआप पर्याय फुटतात. रस्त्यासाठी पातळ पॉलिथिन, दाण्यांसाठी दुधाच्या पिशव्या, सिमेंटसाठी चकचकीत पाकिटं. सिमेंटच्या भट्टीत १,४०० अंशांच्या वर तापमान असतं आणि राख सिमेंटमध्येच मिसळून जाते, म्हणून ज्याचं काहीच होत नाही त्याला ती जागा बरी. गोव्यातून असले गठ्ठे कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांना जातात. विदर्भातल्या नगरपरिषदांना तर चंद्रपूरचे सिमेंट कारखाने जवळच आहेत. कोकण आणि पश्चिम महाराष्ट्राला अंतर लांब पडतं, वाहतूक परवडत नाही. माझ्या मते तेलाच्या भट्टीची जागा तिथं आहे. पण ती प्रत्येक गावाला नको. आठ-दहा नगरपरिषदांनी मिळून जिल्ह्याला एक घ्यावी, एखाद्या एमआयडीसीत, जिथं तेल घेणारा बॉयलर कुंपणापलीकडं आहे, अग्निशमन आहे आणि नागरी वस्ती नाही. गावानं फक्त निवडायचं, वाळवायचं, गठ्ठे बांधायचे आणि पाठवायचं.

पैशाचं काय? पैसा आहे, फक्त तो मागावा लागतो. २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांनी आणि फेब्रुवारी २०२२ च्या दुरुस्तीनं पुड्या आणि पाकिटं बाजारात आणणाऱ्या कंपन्यांवर ती परत गोळा करून विल्हेवाट लावण्याची जबाबदारी टाकली आहे. विल्हेवाटीत प्लास्टिकपासून तेल काढणंही धरलं जातं. कंपन्या त्यासाठी प्रमाणपत्रं विकत घेतात. २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत सुमारे सहा लाख प्रमाणपत्रं बनावट निघाली, म्हणजे प्लास्टिक जागचं हललं नाही आणि कागद मात्र विकला गेला. तुमच्याकडं खरं प्लास्टिक आहे, खरा वजनकाटा आहे. खऱ्या मालाचा भाव खऱ्या कागदावर मागण्याचा अधिकार तुमचाच. तो एकट्यानं मागितला तर कंपनी दाद देणार नाही, जिल्ह्यातल्या सगळ्यांनी मिळून मागा.

त्या पैशाचा पहिला वाटा निवडणाऱ्या बाईचा. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे, तिच्यातूनच 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली. त्यांचा धडा साधा आहे. ज्या वस्तूला भंगारात भाव आहे ती आपोआप उचलली जाते, जिला भाव नाही ती उचलायची असेल तर उचलण्याचे पैसे वेगळे द्यावे लागतात. तुमच्या गावात वेफर्सच्या रिकाम्या पाकिटाला किलोमागे पाच-सहा रुपये द्यायला सुरुवात करा. मग तो पायानं बाजूला सारलेला ढीग महिन्याभरात कुठं जातो ते पाहा. तेवढ्या पैशात हातमोजे, उंच टेबल, सावली आणि पिण्याचं पाणी येणार नाही, ते नगरपरिषदेनं द्यायचं. निवडण्याचं काम उकिडवं बसून होतं तोवर त्याला कुणी यंत्रणा म्हणत नाही. त्याच कामाला कमरेइतकं टेबल दिलं की निवड दुप्पट वेगानं होते आणि पीव्हीसी हाताला लगेच कळतं, ते जड असतं, पाण्यात बुडतं.

एक गोष्ट मात्र भट्टी कितीही चांगली चालली तरी बदलत नाही. पॉलिथिनचा एक किलो शेवटी जळला की तीन किलोंहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड होतो, मग तो डेपोत जळो, बॉयलरमध्ये जळो की तेल होऊन जळो. त्यातून दुसरं इंधन वाचतं एवढाच फायदा. म्हणून प्लास्टिकचं इंधन हे हरित इंधन आहे असं भाषणात म्हणू नका. आणि भट्टी आली म्हणून पिशव्यांवरची कारवाई ढिली पडू देऊ नका. २३ मार्च २०१८ ची राज्याची बंदी आहे, १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर केंद्राची बंदी आहे. त्या २०१८ च्या बंदीत दुधाच्या पिशवीमागे ५० पैसे परत देण्याची योजना होती, ती तुमच्या गावात एकाही डेअरीनं राबवल्याचं तुम्हाला आठवतं का? भट्टीला रोज माल लागतो. भट्टी घेतली की नगरपरिषदेलाच पिशव्यांची गरज भासायला लागते, आणि करारात 'रोज किमान इतके किलो न दिल्यास दंड' असं कलम असेल तर कमी प्लास्टिक वापरणाऱ्या गावाला शिक्षा होते. ते कलम वाचल्याशिवाय सही करू नका. बहुतेक करारांत ते शेवटच्या दोन पानांत असतं.

तेव्हा माझी विनंती छोटी आहे. भट्टीचा विषय सर्वसाधारण सभेत येण्याआधी पंधरा दिवस फक्त वजन करा. एक काटा, एक वही आणि निवडणाऱ्या बायकांपैकी लिहिता येणारी एक. रोज किती प्लास्टिक आलं, भंगारात किती गेलं, उरलं किती, वाळवल्यावर त्याचं किती झालं, त्यात फ्लेक्स आणि पाइप किती. एका आठवड्यात पाऊस पडला तर उत्तमच, कोरड्या आणि ओल्या दिवसांतला फरक कळेल. ती वही आरोग्य विभागाच्या कपाटात न ठेवता नगरपरिषदेच्या सूचना फलकावर लावा, म्हणजे भंगारवाल्यापासून पत्रकारापर्यंत कुणालाही तपासता येईल. शेजारच्या नगराध्यक्षांनाही तेच करायला सांगा. जिल्ह्यातल्या सगळ्या वह्या एका टेबलावर आल्या की कुठं गठ्ठे पाठवायचे, कुठं रस्ता करायचा आणि भट्टी हवीच असेल तर किती किलोची, हे एका बैठकीत ठरेल. त्या बैठकीत निवडणाऱ्या बायकांपैकी दोघींना खुर्ची द्या. कुठल्या पिशवीत पीव्हीसी आहे हे सल्लागारापेक्षा त्यांना जास्त लवकर कळतं, आणि टेबल किती उंच हवं हेही त्याच सांगतील.



आपला,
एक निवृत्त रासायनिक अभियंता